रिलेत भरलेलं खोबरेल

पॅनेलसमोर उभं राहून काम करणाऱ्या माझ्या वायरमन, फिटर, ऑपरेटर मित्रांनो,
आपल्यातला माणूस मरतो आणि रिपोर्टमध्ये चूक त्याचीच निघते.

अशा एका खोट्या रिपोर्टखाली माझ्या आजोबांची सही आहे.

आज आप्पांची पुण्यतिथी. दरवर्षी मी त्यांचा फोटो टाकतो, तुम्ही हात जोडता. या वेळी फोटो नाही. ज्याच्या मरणावर ती सही झाली, त्या हसनबद्दल लिहितोय.

एकोणीसशे तीसनंतरची गोष्ट. पालीच्या अलीकडे नदीकाठी एक भातगिरणी होती. विजेच्या मोटरवर चालणारी, पंचक्रोशीत एकच.
आप्पा, म्हणजे गणपत, तिथे मेकॅनिक. हसन मोटर चालवायचा. दिवेआगरकडचा, गलबतांवर व्यापार केलेल्या घरातला. दोघे एकाच खोलीत राहायचे.

मोटरच्या स्टार्टरवर टाइम डिले रिले होता, ओव्हरलोड झाला की थोडं थांबून मोटर बंद करणारा.

आज आपण छोटासा इलेक्ट्रॉनिक टायमर लावतो. जिन्यातला दिवा आपोआप विझतो, लाइट जाऊन आली की एसीचा कॉम्प्रेसर थोडा थांबतो, मोठी मोटर स्टारवरून डेल्टावर जाते, सगळं त्याच्याच जिवावर.
तेव्हा हे काम तेल करायचं.

करंट वाढला की कॉइल एक लोखंडी दांडा वर ओढते. दांड्याला पिस्टन, पिस्टन तेलाच्या भांड्यात बुडालेला. पिस्टनच्या बारीक छिद्रातून तेल जितक्या हळू सरकेल, तितक्याच हळू दांडा वर येणार.
मोटर सुरू होताना करंट क्षणभर उसळतो. तेवढ्यात दांडा अर्ध्यावरही पोचत नाही, परत खाली बसतो.
पण मोटर अडकली, करंट चढलेलाच राहिला, तर दांडा वर पोचतो, रिले सुटतो आणि मोटर ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते.
किती वेळ थांबायचं, ते तेल ठरवतं.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर भांडं गळायला लागलं. आप्पांनी गळती झाळून बंद केली, पण तेल सगळं गेलेलं. ते मुंबईहून बोटीने यायचं, रेवसला उतरून पुढे बैलगाडीने. आप्पांनी आठ दिवस मागितले. मालक म्हणाला, तेल ते तेल, गिरणी उभी राहता कामा नये.
फ्यूज सारखा जातो म्हणून त्यातली तार त्याने आधीच जाड करून घेतली होती, म्हणजे आता भरवसा फक्त रिलेचा.

खोलीत खोबरेलाची बाटली होती. हसनच्या मायने वाडीतल्या नारळांचं काढून दिलेलं.
हसननेच ती पुढे केली.
"घे गणू. तुझ्या टकलावर तर काय उगवत न्हाय, रिलेला तरी लाव."

आप्पांनी तेल भरलं. दांडा हाताने उचलून पाहिला. दहा मोजेपर्यंत रिले सुटला. दोन महिने सगळं ठीक चाललं.

मग पौषातली थंडी पडली.

थंडीत खोबरेल थिजतं, हे कोकणात कुणाला सांगावं लागतं? आप्पा स्वतः रोज सकाळी बाटली उन्हात ठेवायचे.
रिलेतही तेच तेल आहे, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

एका सकाळी भात भरडायच्या यंत्रात दगड अडकला. मोटर जागच्या जागी थांबली, गुरगुरायला लागली. आप्पा दाराशी होते. ते मनात मोजत राहिले. दहा झाले. वीस झाले.
रिले सुटला नाही.
धूर आला, मग जाळ, मग कोंड्याने पेट घेतला. आत बाकीची माणसं होती. स्विचकडे जायची वाट मोटरजवळूनच होती. हसन त्या वाटेने गेला. स्विच ओढलाच त्याने.

तिसऱ्या दिवशी गेला.

स्टार्टर पलीकडच्या भिंतीवर होता, जाळ तिथवर पोचला नव्हता. आग विझल्याबरोबर आप्पांनी भांडं उघडलं होतं. पिस्टनभोवती पांढरं, तुपासारखं घट्ट.
ते त्यांनी बोटाने खरवडून काढलं. भांडं पुसलं.

मालकाने रिपोर्ट लिहवून घेतला: मयताने स्विच वेळेवर बंद केला नाही. साक्षीदार म्हणून आप्पांनी सही केली. तुरुंगाची भीती होती, नोकरीची होती.

हसनचं सामान घेऊन आप्पाच दिवेआगरला गेले. मायने एकच विचारलं.
"लोक बोलतात, माझ्या हसनने हयगय केली. केली काय रे?"
"न्हाय."
"मग कोणी केली?"
आप्पा पाणी प्यायले आणि उठले.

हे त्यांनी मला सांगितलं, तेव्हा मला वायरमनची नोकरी लागून आठवडा झाला होता. मी भडकलो, मालकाचा उद्धार केला. आप्पांनी मला पुरतं बोलू दिलं.
"दे शिव्या. पन तेल म्या भरलं, नि तोंड बी म्याच मिटलं."

मी चाळीस वर्षं कारखान्यांच्या गेटवर युनियनची भाषणं केली. कायदे वाचले, क्रांत्यांचे इतिहास वाचले, मालकशाहीला शब्दांनी झोडपलं. मेलेल्याच्या डोक्यावर दोष टाकणं सगळ्यात सोपं, तो उलट बोलत नाही, हे हजार वेळा सांगितलं असेल. पण तो कागद जिवंत माणसाच्या सहीशिवाय पुरा होत नाही, हे कधी सांगितलं नाही. कारण ती सही माझ्या घरातली होती.
आप्पा गेल्यावरही मी गप्प राहिलो. याला दुसरं नाव नाही, ही माझी हयगय.

हसन, तुझ्या मायला जे उत्तर मिळालं नाही, ते आज सगळ्यांसमोर देतो. चूक तुझी नव्हती. तेल माझ्या आजोबांनी भरलं, मालकाने भरायला लावलं, आणि तू जळत्या मोटरजवळून जाऊन बाकीच्यांना वाचवलंस. अल्लाह तुला जन्नत देवो.

मित्रांनो, हात जोडू नका, RIP लिहू नका.
उद्या शिफ्टला गेलात की मोटर चालू करण्याआधी तिचा ओव्हरलोड रिले टेस्ट करा, आणि तो किती सेकंदांत सुटला ते रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने लिहा.