रिसीव्हरजवळची जागा

मंगळवारी दुपारी माझा नवरा दापोड्याच्या एका गोदामातून मोटरसायकलवर घरी यायला निघाला. नाक्यावर ट्रेलर वळत होता. संध्याकाळी डॉक्टरांनी तो गेल्याचं सांगितलं. गोदामातलं काम अर्धं राहिलं.

त्या दुपारी गोदामात त्याच्याबरोबर त्याचा भागीदार होता. मी दुकानात होते. हे वाक्य मी लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं. आता ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्यातूनच आलं आहे.

आमचा धंदा सेन्सर बसवून देण्याचा. भिवंडीत तेव्हा लूमच्या जोडीला गोदामं उभी राहायला लागली होती. भाताच्या खाचरांत भराव पडत होता आणि भरावावर पत्र्याच्या शेड. गोदामात कन्व्हेयरवरून खोकी सरकतात. ती मोजायला, थांबवायला, बाजूला वळवायला प्रकाशावर चालणारा सेन्सर लागतो. गिऱ्हाइकं त्याला सेन्सर म्हणत नसत. "आँख लगवानी है," म्हणत दुकानात शिरत.

आँख कुठली लावायची, हे मी ठरवायचे. मी आणि माझा नवरा डिप्लोमाला एकाच वर्गात होतो. तो हाताने हुशार, मी वाचून. एका प्रकारचा सेन्सर स्वतःच प्रकाश टाकतो आणि मालावरून परत येईल तो स्वतःच टिपतो. दुसऱ्याच्या समोर रिफ्लेक्टर बसवतात, सायकलच्या मडगार्डवर असतो तसला. मधे खोकं आलं की प्रकाश अडतो. पण मालावर चकचकीत प्लॅस्टिक गुंडाळलेलं असेल तर साधा सेन्सर त्या प्लॅस्टिकलाच रिफ्लेक्टर समजतो आणि माल समोरून गेला तरी गप्प बसतो. तिसरी समोरासमोरची जोडी. कन्व्हेयरच्या एका बाजूला प्रकाश सोडणारा एमिटर, दुसऱ्या बाजूला तो झेलणारा रिसीव्हर. जोडी महाग पडते, वायर दोन्हीकडे ओढावी लागते, मालक कुरकुर करतात. पण आमच्याकडे हवेत कापसाची रुई असते. ती काचेवर बसते आणि कमजोर आँख लवकर आंधळी होते. जोडी तग धरते.

म्हणून मी जमेल तिथे जोडीच सुचवायचे. हे कारण खरं होतं. आणखी एक कारण होतं, ते कुणाला सांगितलं नव्हतं. जोडी जुळवायला दोन माणसं लागतात.

आमचं पहिलं काम एका लूमच्या कारखान्यात होतं. घडी घातलेल्या कापडाचे गठ्ठे पट्ट्यावरून जायचे, ते मोजायचे होते. शेजारीच लूम चालू. तिथे माणूस कानाशी ओरडला तरी ऐकू येत नाही, म्हणून लूमवर काम करणारे हाताने बोलतात. चहा, धागा तुटला, मालक आला, सगळं हाताने. आम्ही त्यांचं बघून आमच्या खुणा केल्या.

तो एमिटरजवळ उभा राहायचा, मी रिसीव्हरजवळ. किरण डोळ्यांना दिसत नाही. रिसीव्हरवर दोन बारीक दिवे असतात: किरण पोचला की नारिंगी लागतो, पुरेशा जोराने पोचला की हिरवा. तो एमिटर हळूहळू फिरवायचा आणि मी दिव्यांकडे बघून हाताने सांगायचे. तळहात वर म्हणजे उचल. अंगठा बाहेर म्हणजे आणखी जा. नवशिका माणूस दिवा लागला की स्क्रू आवळून मोकळा होतो. तेव्हा रिसीव्हर अजून किरणाच्या काठावरच असतो. दोन दिवसांत पट्टा हादरून हादरून आँख जाते. म्हणून एका बाजूला दिवा विझेपर्यंत न्यायचं, मग दुसऱ्या बाजूला विझेपर्यंत, आणि दोन्ही काठ कळले की मधे यायचं. मग तसंच वर आणि खाली. मधे आल्याची खूण मी ठरवली होती. गळ्याच्या खाली, छातीवर हात सपाट ठेवायचा आणि हलवायचा नाही.

मला दिवा दिसायचा, त्याला मी दिसायचे. काम होईपर्यंत तो माझ्या हातावरून नजर काढू शकत नसे. लग्नाआधीही त्याने माझ्याकडे इतकं लक्ष देऊन पाहिलं नव्हतं.

मग काम वाढलं आणि दुकानात कुणीतरी बसायला हवं झालं. कुणीतरी म्हणजे मी. सासूबाईंनी आधीच निकाल दिला होता, "बाईमानसानं शिरीवर चरावं आसं कुटं हाय का?" कोन गावातल्या आमच्या घरात त्यांचा शब्द अखेरचा. शिडीवर चढायला आला तो भागीदार.

तो लूमवाल्या कोकणी मुसलमान घरातला. लूम विकून मोटरी आणि वायरिंगची कामं करत होता. मोठ्याने हसायचा, दुकानात शिरताना बाहेरूनच बोलायला लागायचा. मी काउंटरखाली पुस्तक उघडून बसलेली असे.

"भाभी, काय वाचता येवढं? आमच्या यारला पण शिकवा थोडं. आज शिडीवरून रिंच टाकली माझ्या डोक्यावर."

"तुझ्या डोक्याला काय होतंय," माझा नवरा म्हणायचा, "रिंच वाकली."

आणि दोघं हसायचे. सबंध दिवस जिथे गेला होता तिथलं ते हसू असायचं. मला त्यातलं शेवटचं टोक मिळायचं.

"दिवसभर मी याच्यासमोर उभा," भागीदार जाताना म्हणायचा. "आता तुम्ही सांभाळा."

विनोदच होता. मला तो कधी विनोद वाटला नाही.

एकदा माझा नवरा कौतुकाने सांगत होता, "पॅलेटवर प्लॅस्टिक होतं, म्हणून आम्ही जोडीच लावायची ठरवली." ते मी ठरवलं होतं. फोनवर मालकाला मालाबद्दल चार प्रश्न विचारून, कॅटलॉग चाळून, सकाळी सेन्सरची डबी त्याच्या पिशवीत मीच घातली होती. तो मुद्दाम बोलला नव्हता. त्याच्या तोंडी 'आम्ही' म्हणजे ते दोघं, इतकंच झालं होतं.

डब्याचंही तसंच. माझा डबा रोज चाटूनपुसून रिकामा यायचा. मला समाधान. मग एक दिवस भागीदार म्हणाला, "भाभी, भेंडी एक नंबर. हा तर माझ्या घरचं सांदण खात बसतो, तुमचा डबा मलाच." तेव्हापासून मी भेंडी करणं सोडलं.

रात्री कधी अंगणात बसल्यावर मी विचारायचे, "आज कशी जुळली?" तो म्हणायचा, "जुळली." मला हवं होतं ते हे नव्हतं. भागीदाराचा हात कसा असतो, हे मला विचारायचं होतं. मधे आल्यावर तो काय खूण करतो? माझी खूण त्याला दिली आहेस का? असं कुणी नवऱ्याला विचारत नाही. मीही विचारलं नाही.

तो गेल्यावर भागीदार अंगणाच्या कडेला उभा राहून रडला. खांद्याला खांदा लागलेल्या माणसांत त्याचा आवाज वेगळा ऐकू येत होता. मला रडू येत नव्हतं. सासूबाई कुणाला तरी म्हणाल्या, "सक्का भाऊ पन रडनार न्हाय आसा रडतोय त्यो." मी तिथेच भिंतीला टेकून बसले होते. एवढ्या दुःखातही मला वाटलं, हेसुद्धा याला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

शिवाय त्याच्याकडे ती दुपार होती. शेवटचं काय बोलले, चहा घेतला का, कुठला शर्ट मळला होता, सगळं त्याच्याकडे. माझ्याकडे सकाळ होती, आणि सकाळी आम्ही गॅस सिलिंडरबद्दल बोललो होतो.

दिवसकार्य आटोपल्यावर भागीदार दुकानात आला. आत येण्याआधी बोलला नाही. स्टुलावर बसला.

"दापोड्याचं काम राहिलंय," तो म्हणाला. "एमिटर त्याने बसवलाय, आवळलाय पण. रिसीव्हर नुसता अडकवलाय. अलाइनमेंट बाकी आहे. मी कुणाला तरी घेऊन करून येतो."

"मी येते."

"भाभी, लोक काय म्हणतील? आत्ता तर..."

"जोडी मी निवडलीय. मी येते."

घरी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी तांदळातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाल्या, "शिरीवर चरू नको." एवढंच. रिक्षाने मी दापोड्याला गेले.

गोदाम नवीन होतं, सिमेंटचा वास अजून होता. कन्व्हेयर दारापासून आतपर्यंत गेलेला. मी आत शिरले आणि सरळ रिसीव्हरच्या बाजूला जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांनीही पाय आपोआप तिकडेच वळले. मागून भागीदार आला आणि तोही तिथेच येऊन उभा राहिला. समोर, कन्व्हेयरच्या पलीकडे, एमिटरजवळ कुणी नव्हतं.



"भाभी, तुम्ही तिकडे व्हा," तो म्हणाला.

"तुम्ही व्हा. दिवे मी बघते."

"ही जागा माझी आहे. किती वर्षं मी इथेच उभा राहतो."

"त्याआधी माझी होती."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला हे माहीत होतं. मी ते बोलेन असं वाटलं नव्हतं. गोदामाचा सुपरवायझर दाराशी उभा होता. त्याच्यामागे ट्रक. तो ओरडला, "अरे भाई, कोई तो उधर जाओ! गाडी कब से खड़ी है!"

भागीदार हलला. कन्व्हेयरला वळसा घालून एमिटरकडे निघाला. जाता जाता त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, आणि मला एकदम कळलं की तो काय करणार आहे. जुळवायचं तर एमिटरच्या पट्टीचे स्क्रू आधी ढिले करावे लागतात. ते माझ्या नवऱ्याने त्या दुपारी आवळले होते. त्यांच्यावर शेवटचा हात त्याचा होता. दुपार याची, हसणं याचं, डबा याचा. आता हेही हाच सोडवणार होता.

"थांबा," मी म्हटलं. "मी जाते तिकडे."

त्याने स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि आपल्या जागेवर परत गेला. सुटल्यासारखा गेला, तेही मी पाहिलं.

स्क्रू घट्ट होते. तो नेहमी जरा जास्तच आवळायचा. मी दोन्ही हातांनी जोर लावला आणि पहिला फिरला. त्यानंतर त्याने केलेलं काही तिथे राहिलं नाही. पट्टी सैल झाली.

मी मान वर केली. समोर भागीदार, रिसीव्हर आवळून दिव्यांवर वाकलेला, एक हात माझ्याकडे. अंगठा बाहेर. मी फिरवत गेले. मूठ, म्हणजे विझला. परत. दुसऱ्या बाजूचा काठ. तळहात वर. मी त्याच्या हातावरून नजर काढू शकत नव्हते. माझा नवरा इतकी वर्षं हेच बघत होता: ही जाड बोटं, हे चांदीचं कडं, जिभेचं टोक दातांत धरून दिव्याकडे बघणारा हा माणूस. मी उभी राहायचे तेव्हा माझ्यामागे काय दिसत असेल, हे मी कधी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. मागे भिंत होती.

मग त्याने हात गळ्याखाली, छातीवर ठेवला. सपाट. हलवला नाही.

मी स्क्रू आवळले. सुपरवायझरने खोकं सोडलं, ते मधून गेलं, आकडा पुढे सरकला. कन्व्हेयर हादरत होता, पण दोन्ही टोकं एकाच सांगाड्यावर बसवलेली होती. ती बरोबरच हादरत होती. हिरवा दिवा ढळला नाही. ट्रक आत आला.

हात पुसत मी विचारलं, "ही खूण तुम्हाला कुणी दिली?"

"त्यानेच. कोण देणार?"

"माझी होती ती."

"मला माहीत नाही काय?" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला. "पहिल्या दिवसापासून त्याचं तेच. ती हात असा नाही ठेवत. तिचा हात हलत नाही, तुझा हलतो. ती असती तर आतापर्यंत जुळलं असतं. शिडी मी धरू, उन्हात मी उभा राहू, आणि हात तुमचा! त्या दिवशीपण. जाताना काय म्हणाला माहितीये? 'उद्या तिलाच आणतो, तुझ्याने हे होत नाही.' हसत म्हणाला. पण म्हणाला."

मला बरं वाटायला हवं होतं. शेवटचं वाक्य माझ्याबद्दल होतं. पण ते सांगितलं होतं याला, ऐकलं यानेच, आणि इतके दिवस स्वतःजवळ ठेवलं होतं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"का सांगू?" तो म्हणाला. त्याने पिशवी खांद्यावर घेतली. "तुमच्याकडे बाकी सगळं आहे की."

रिक्षा मिळेपर्यंत आम्ही गोदामाच्या दाराशी उभे होतो, दोन बाजूंना.

दुकान आम्ही दोघं चालवतो. सेन्सर मी निवडते. जुळवायला दोघं जातो. पुढच्या कामाला मी रिसीव्हरकडे निघाले होते, पण तो आधीच तिथे उभा होता, आणि मी वाद घातला नाही. तो रिसीव्हरजवळ असतो, मी एमिटरजवळ. मधे आलं की तो छातीवर हात ठेवतो आणि मी स्क्रू आवळते. ती जागा मला परत मिळालेली नाही.