नंबर मागे गेल्याचे पेढे

"तब्येत छान आहे तुमची. त्यामुळे यादीत तुमचा नंबर जरा मागे गेलाय," असं डॉक्टर हसत हसत म्हणाले आणि माझं डोकं फिरलं. हृदय बदलण्याच्या यादीत आमचे हे कधीपासून नाव लावून बसलेले, आणि मागाहून आलेली माणसं पुढे! खडकीत फॅक्टरीच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत मी अख्खी नोकरी काढली. टोकन द्यायचं, "पुढचा!" म्हणून ओरडायचं आणि मध्ये घुसणारा साहेब असला तरी त्याला रांगेच्या शेवटी धाडायचं. असल्या बाईला हे ऐकवायचं म्हणजे काय!

यांचं हृदय पार थकलं तेव्हा छातीत एक पंप बसवला. दुसरं हृदय मिळेपर्यंतची सोय. त्याची वायर पोटातून बाहेर येते, कमरेला एक छोटं यंत्र आणि खांद्यावरच्या पिशवीत दोन बॅटऱ्या. आमच्याकडे झोपताना आधी नवरा चार्जिंगला लागतो, मग फोन. गुरुवारी वीज जाते म्हणून बुधवारीच मी सगळ्या बॅटऱ्या भरून ओळीनं मांडते. पंप रक्त एकसारखं ढकलत राहतो, त्यामुळे यांच्या मनगटाला नाडीच लागत नाही. एकदा एक नवीन नर्स बराच वेळ मनगट चाचपत बसली. तिचा चेहरा उतरलेला बघून हे म्हणाले, "घाबरू नका, आहे मी अजून."

तर नंबर मागे गेला. मी घरी येऊन बेत आखला. पुढच्या तपासणीच्या आधी यांना बजावलं, "अहो, जरा कण्हायला शिका. किती जिने चढता विचारलं तर एक म्हणा, तोही मध्ये थांबून." यांनी मान डोलावली. डॉक्टरांनी विचारलं मात्र, हे छाती काढून सांगतात, "तीन जिने! आणि हातात भाजीची पिशवी. हिला लिंबं लागली की परत खाली." मी टेबलाखालून पाय मारला, तो डॉक्टरांना लागला.

बाहेर आल्यावर मी तोंड उघडायच्या आत हेच म्हणाले, "अगं, हात कापून रक्त गळत आलेल्या कामगाराला तू टोकन द्यायचीस का?"

"नाही. तसाच आत पाठवायचे."

"मग? हीसुद्धा तसलीच रांग आहे. आणि मला तर साध्या सर्दीला आलो होतो तेव्हा सगळ्यांच्या शेवटी ठेवलं होतंस."

आता लपवायचं काय? त्या दिवशी टोकन पाचवं असूनही यांना मी मुद्दाम थांबवलं होतं, खिडकीशी बोलत राहावेत म्हणून. आयुष्यात रांगेत केलेली तेवढी एकच लबाडी, आणि त्या लबाडीशीच लग्न झालं.

पुढे काही महिन्यांनी यांच्या पोटाशी वायरीची जागा लाल झाली, ताप भरला. दवाखान्यात ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "संसर्ग नाही आटोक्यात आला तर यादीच्या कमिटीला कळवावं लागेल, मग नंबर वर जाईल." इतके दिवस ज्यासाठी भांडत होते ते समोर आलं. नको होता मला तो नंबर. हे बरे होऊ देत, यादीत शंभरावे गेले तरी चालेल, असं मी त्या कॉरिडॉरमध्ये बसून मोठ्यानं म्हणाले.

शेजारच्या बाकावर मांजरी गावची एक बाई होती. तिची सून आत, सलाइनला बांधलेली. सुनेचं हृदय इतकं कमजोर की पंप बसवण्याचाही इलाज नव्हता. रक्तगटही यांचाच, म्हणजे येईल ते हृदय दोघांपैकी एकालाच. "तुमचं मालक त्याच यादीत हाईत व्हय?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. मग तिनं डबा उघडला आणि भाकरीचा मोठा तुकडा माझ्या हातात ठेवला. "खावा. आपलं पोट बी रांगंत हाय." मी हसले आणि खाल्ला. ठेचा जबरी होता.

औषधं लागू पडली, ताप उतरला. वायरीची जागा कोरडी झाली. डॉक्टर म्हणाले, "आता नंबर होता तिथेच, म्हणजे मागे." मी त्याच संध्याकाळी पेढे आणले आणि जिन्यातल्या सगळ्या दारांवर वाटले. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी पेढा घेताना विचारलं, "काय, मिळालं का हृदय?"

"नाही. नंबर मागे गेला."

"अस्सं? मग पास झाल्यावर काय वाटणार?" म्हणाले आणि दार लावलं. पेढे मात्र दोन घेतले होते.

थोड्याच दिवसांत हृदय आलं, ते मांजरीच्या त्या बाईच्या सुनेला. तिच्या सासूचा फोन आला तेव्हा, खोटं कशाला बोलू, यांचा ताप लांबला असता तर, हा विचार येऊन गेला. त्याची लाजही वाटली. कुणाच्या तरी घरात त्या दिवशी चूल पेटली नसणार, हेही आठवलं. हे मात्र फोन ओढून घेऊन म्हणत होते, "अभिनंदन! ठेचा पाठवा."

काही महिने गेले आणि परवा सकाळी सून आणि सासू आमच्या घरी आल्या. सासूच्या काखेत उसाची मोळी. सून तोंडाला मास्क लावून तीन जिने चढून आली होती, दारात धापा टाकत होती आणि डोळे हसत होते. यांनी साबणानं हात धुतले, तिला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "मुली, हात दे जरा." तिचं मनगट धरून ते डोळे मिटून बसले. किती तरी दिवसांनी त्यांच्या बोटांना नाडी लागत होती. ओठ हलत होते, मोजत होते. मी बघत उभी राहिले. मला ती नाडी यांच्या मनगटात हवी होती, फार हवी होती. आणि ती त्या पोरीच्या हातात वाजतेय याचा मला तितकाच आनंद झाला होता. दोन्ही खरं.

यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीतल्या माझ्या त्या जुन्या आवाजात खणखणीत ओरडले, "पुढचा!"