एका वाक्याचा प्रश्न

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी आमच्या शहरातल्या एका सभागृहात विज्ञानाचं मोफत व्याख्यान असतं. निवृत्त झाल्यापासून मी एकही चुकवलेलं नाही. मेंदू असो, ड्रोन असो की धूमकेतू, मी पहिल्या रांगेत. सोबत बायको. तिला विज्ञानापेक्षा घराबाहेर पडायला निमित्त हवं असतं, असं मी समजत होतो.

प्रश्नोत्तरं सुरू झाली की पहिला हात माझा. मी जन्मभर विजेचे मीटर दुरुस्त केले, त्यामुळे कुठल्याही विषयात आपल्याला थोडंफार कळतं, अशी माझी ठाम समजूत. माझा प्रश्न 'आमच्या वेळी'पासून निघायचा, वाटेत चार-पाच ठिकाणी थांबायचा, आणि शेवटी त्यात विचारायचं काय होतं ते माझंच मला आठवत नसे. पाहुणे हसून 'छान मुद्दा' म्हणायचे आणि मी खूश होऊन खाली बसायचो.

गेल्या महिन्यात संयोजकांनी मला दारातच बाजूला घेतलं. "काकाजी, राग नका मानू. आज प्रश्न एकाच वाक्यात विचारजा. लोकायले घरी जायचं रायते."

मला चांगलंच झोंबलं. आजचं शेवटचं, यापुढे इकडे पाऊल टाकायचं नाही, असं ठरवूनच मी खुर्चीत बसलो.

बोलायला आली होती शहराबाहेरच्या मिहान उद्योगनगरीतल्या कुठल्याशा कंपनीतली तरुण इंजिनीयर. विषय होता, मोबाईलला रस्ता कसा कळतो. बहुधा घाबरल्यामुळे ती फार भराभर बोलत होती. उपग्रहातलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा किंचित पुढे धावतं, ते जुळवून घ्यावं लागतं, एवढं सांगून ती पुढे गेली. मी तिथेच अडकलो. एवढं भारी घड्याळ चुकतंच कसं?

प्रश्न विचारा म्हटल्यावर एकही हात वर गेला नाही. मुलगी पाण्याची बाटली हातात फिरवत उभी राहिली. मीटरचे दोन किस्से माझ्या ओठावर आले होते, पण वाक्य एकच मिळणार होतं. मी उठलो.

"बाई, मले ते घड्याळाचं समजलंच नाही, पुन्हा सांगता का?"

मागून तीन-चार आवाज आले, "हो, आमालेबी."

ती हसली आणि पडदा बंद करून फळ्याकडे वळली. घड्याळ बिघडलेलं नसतं, म्हणाली. तितक्या उंचीवर पृथ्वीची ओढ कमी, म्हणून तिथे वेळच जरासा लवकर सरतो. तो फरक काढला नाही तर आठवड्याभराने मोबाईल आपल्या इतवारी पेठेला साठ किलोमीटरवरच्या भंडाऱ्यात दाखवू लागेल. सगळे हसले. मला कळलं, आणि कळल्याचा एवढा आनंद मला शाळेतही कधी झाला नव्हता.

स्कूटरवर मागे बसता बसता बायको म्हणाली, "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तुमी काही विचारलं जी. आतापर्यंत तं सांगूनच राहिले होते."

मी हसलो आणि स्कूटर सुरू केली.

येत्या शनिवारी धानावर, म्हणजे भातशेतीवर व्याख्यान आहे. मी कुही गावचा, धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरातच लहानाचा मोठा झालो. सांगण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणून आतापासूनच धास्ती वाटते आहे.