गोळी बाईंच्याच हातून

डॉ. कुमुदिनी वाळिंबे यांची आणि माझी पहिली भेट मिरजेत तंतुवाद्यांच्या गल्लीत झाली, आणि तीही एका बोथट सुरीमुळे. मी तेव्हा तंबोऱ्याची जवारी काढण्याचे, म्हणजे तारेचा नाद खुलावा म्हणून तिच्याखालची घोडी घासण्याचे, काम करीत असे. घोडीवर कानस फिरवताना केसभर जास्त घासले तर तार बोलत नाही, हे ज्याला कळते त्यालाच ते काम देतात. एका सकाळी सुती पातळ नेसलेल्या एक बाई लाकडी पेटी घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि आमच्या मालकांना म्हणाल्या, "इथे चांगली धार कोण लावतं?" मालकांनी माझ्याकडे बोट केले. पेटीत हातभर लांबीची जड सुरी होती. मी ती उजेडात धरली आणि भान न ठेवता बोललो, "ही कोणी दगडावर घासली? त्याचे हात बांधून ठेवायला पाहिजेत."

"मीच घासली," बाई म्हणाल्या.

मालकांनी मान खाली घातली. बाई मात्र हसल्या. पुढे पंधरा-सोळा वर्षांत त्या माझ्यासमोर इतक्या मोकळ्या फार वेळा हसलेल्या नाहीत, म्हणून तो प्रसंग आधी नोंदवला.

सुरी परत न्यायला आल्या तेव्हा त्यांनी धार भिंगाखाली पाहिली आणि मला रुग्णालयातल्या आपल्या प्रयोगशाळेत बोलावले. रोग्याच्या गाठीचा तुकडा मेणात बसवून त्या सुरीने त्याचा कागदाहून पातळ काप काढायचा, काचेवर चढवून रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, असे ते काम. बाईंनी मला डोळा लावायला सांगितले. "तुमची धार चांगली असली तर पेशी अशा दिसतात. वाईट असली तर सगळा चिखल दिसतो, आणि चिखल पाहून मी रोग्याला काय सांगणार?" त्या दिवशी मी गल्ली सोडली.

माझे शिक्षण व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीपर्यंतचे. पुढचे सगळे मी बाईंच्या टेबलाशी उभे राहून, त्यांची टाकून दिलेली पुस्तके शब्दकोश घेऊन वाचून शिकलो. रक्तातल्या पेशी मोजणे, उंदरांची निगा, रंग बनवणे, यांतले काहीही मला कोणी वर्गात शिकवलेले नाही. एकदा मुंबईहून आलेल्या एका तज्ज्ञांनी माझ्या देखत बाईंना विचारले, "यांचं क्वालिफिकेशन?" बाई काचेवरून नजर न उचलता म्हणाल्या, "पाच मायक्रॉन." मी काढत असलेल्या कापाची ती जाडी. त्या दिवसाचा पगार मला नसता मिळाला तरी चालले असते.

बाई मूळच्या साताऱ्याच्या. परदेशात शिकून आल्यावर त्यांना पुण्या-मुंबईत जागा मिळत होती. त्या मिरजेला आल्या, कारण आमच्या भागात तोंडाच्या कर्करोगाचे रोगी येत ते बहुतेक शेवटच्या टप्प्यात, आणि त्यांत बाया फार. मिश्री लावलेल्या दातांमागे गालात गाठ, आणि घरच्यांना सांगायची लाज. बाई म्हणत, "संशोधन जिथं रोगी आहेत तिथंच व्हायला हवं. नाहीतर ते नुसतं वाचण्यापुरतं उरतं."

त्यांचे मुख्य काम थोडक्यात सांगतो, कारण पुढची हकीकत त्यावर उभी आहे. पेशींची वाढ रोखणारी एक पिवळी गोळी तेव्हा वापरात येऊ लागली होती. बाईंनी उंदरांच्या दोन पेट्या केल्या. दोन्हींतल्या उंदरांना गाठी होत्या. एका पेटीला औषध रोज; गाठी विरघळल्या, पण उंदीरही मेले. दुसऱ्या पेटीला पाच दिवस औषध आणि मग सोळा दिवस काहीच नाही; गाठी हळू कमी झाल्या, उंदीर जगले. त्या सोळा दिवसांत निरोगी पेशी सावरतात, गाठीला तितके सावरता येत नाही. हे रोग्यांना सांगायचे कसे? बाईंनी शेतातला शब्द उचलला. पाणी दिल्यावर लगेच दुसरे पाणी देत नाहीत, जमिनीला वाफसा येऊ देतात. त्या सोळा दिवसांना आमच्याकडे 'वाफशाचे दिवस' म्हणू लागले. प्रयोगशाळेतून खाटेपर्यंत पोहोचलेला तो मला माहीत असलेला पहिला शब्द.

त्याबरोबर बाईंचा एक नियम होता. प्रत्येक पाळीआधी रक्त तपासायचे, पांढऱ्या पेशी पुरेशा असतील तरच पाच दिवसांच्या गोळ्या द्यायच्या, आणि एका वेळी एकाच पाळीच्या. मोजणी माझ्याकडे आणि गोळ्यांचे कपाटही माझ्याकडे. मला त्याचा अभिमान होता.

हौसाबाई माने कवठे महांकाळजवळच्या एका वाडीतून आल्या. त्यांचे यजमान गणपतराव फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी हौसाबाई बाईंना म्हणाल्या, "मिसरी आजपास्नं सोडली बगा. पर चा सोडाय लावू नगा, आवं, त्याबिगर म्या मरंन."

"अगं, डॉक्टरास्नी असं बोलत्यात व्हय?" सुभेदार ओशाळले.

"तुमी गप ऱ्हावा. तुमी काय साऱ्या जल्मात घरी हुता? चाच हुता माज्या संगतीला."

बाईंनी चहाची परवानगी दिली. दोन पाळ्यांत गाठ निम्म्याने कमी झाली. मी स्वतः तुकड्याचे काप काढले होते. रोगाच्या विभागणाऱ्या पेशी शोधाव्या लागत होत्या, इतक्या त्या कमी झाल्या होत्या. बाईंनी काच मला दाखवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तिसऱ्या पाळीला हौसाबाई फार थकलेल्या होत्या. दुष्काळाचे दिवस, उन्हाळा, एस.टी. बदलून यायचे. सुभेदार मला म्हणाले, "मिस्तरी, एवढं अंतर हिला झेपत न्हाई. पुढच्या पाळीच्या गोळ्या आताच द्या की. मी फौजेतला मानूस, टाइमाला चुकायचा न्हाई." बाई त्या दिवशी साताऱ्याला आईच्या आजारपणासाठी गेल्या होत्या. मी ती पाळी आणि पुढच्या दोन, अशा तीन पाळ्यांच्या गोळ्या तीन पाकिटांत घातल्या, प्रत्येकावर तारखा सुवाच्य अक्षरात लिहिल्या आणि दिल्या. नियम मोडतो आहे हे मला ठाऊक होते. माझ्या अक्षराचा मला इतका भरवसा होता की नियमाची गरज वाटली नाही.

सुभेदारांना तारखा वाचता येत होत्या. पण पहिले पाकीट संपताना गाठ बोटाला लागेनाशी झाली, आणि त्यांनी फौजेतला हिशेब केला. पुढे त्यांनीच सांगितले: "दुस्मन मागं हटतोय आन् आपन बंदूक खाली ठिवायची? असं कुटल्या लढाईत करत्यात?" वाफशाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरे पाकीट फोडले. मग तिसरे.

हौसाबाईंना आणले तेव्हा तोंड आतून सोलले होते आणि अंगात ताप होता. रक्त मी मोजले. काचेच्या चौकटीत पांढरी पेशी सापडेना. पुन्हा मोजले, तिसऱ्यांदा मोजले. आयुष्यात पहिल्यांदा माझी मोजणी चुकावी अशी मी इच्छा केली. ती चुकली नाही. चौथ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

बाईंनी विचारले, "एवढ्या गोळ्या आल्या कुठून?" सुभेदारांनी खिशातून तीन रिकामी पाकिटे काढली आणि ताठ उभे राहिले. "बाईसाब, चूक माजी हाय. मिस्तरीनं बराबर लिवून दिलं हुतं." बाईंनी पाकिटे पाहिली. अक्षर कोणाचे, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. त्या म्हणाल्या, "सुभेदार, चूक आमच्या खोलीतून निघाली आहे. माझ्या." ते ऐकण्याच्या स्थितीत नव्हते. मी दारात उभा होतो. मी काहीही बोललो नाही.

संध्याकाळी मी राजीनामा लिहून नेला. बाईंनी तो वाचला आणि घडी करून परत दिला. "मोजणी उद्यापासून तुमचीच, कारागीर. दुसऱ्यानं मोजलेलं मला चालणार नाही. पण गोळी माझ्या हातून." कपाटाची किल्ली त्यांनी मागून घेतली. त्यापलीकडे त्या विषयावर एक शब्द नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही.

काही महिन्यांनी पुण्याच्या डॉक्टरांच्या सभेत त्यांना हे काम मांडायचे होते. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आमच्या खोलीत बसून सल्ला दिला, तो मी ऐकला. "ती केस वगळा. औषधानं नाही, नवऱ्याच्या चुकीनं गेली. आकड्यांत कशाला धरता?"

"उंदीर मेला तर आपण मांडतो ना?" बाई म्हणाल्या. "मग हौसाबाई का नाही?"

त्यांनी हौसाबाईंचा मृत्यू मांडला. कारण म्हणून लिहिले: विभागाने नियमाविरुद्ध गोळ्या एकदम दिल्या, जबाबदारी विभागप्रमुखांची, म्हणजे त्यांची स्वतःची. परिणाम असा की रुग्णालयाच्या समितीने वर्षभर ते उपचार बंद ठेवले. त्या वर्षात बाई काही रोग्यांना नाही म्हणाल्या. त्यांची नावे आणि गावे बाईंना आजही पाठ आहेत. बाईंचे नाव वर्तमानपत्रात आले नाही, त्यांची बढती थांबली, आणि तरी सकाळी साडेआठला त्या टेबलाशी बसलेल्या असत. मी काप काढून देत असे. खोलीत सुरीचा आवाज तेवढा होई.

बंदी उठल्यावर त्या स्वतः कवठे महांकाळला गेल्या आणि सुभेदारांना म्हणाल्या, "तुम्ही का चुकलात ते मला कळलं नसतं, तर मी पुन्हा तशीच चुकले असते. दर मंगळवारी येऊन नातेवाइकांना हे सांगाल का?" तेव्हापासून आजतागायत सुभेदार मंगळवारी पहिल्या गाडीने येतात आणि बाहेरच्या बाकावर बसून आलेल्यांना समजावतात. "आरं गड्या, थांबायचा बी हुकूमच असतोय. म्या मोडला. माजी बायकू गेली." पाचसहा वर्षे मी हे वाक्य खिडकीतून ऐकत आलो. बाईंची वाफशाची पद्धत आता इतर जिल्ह्यांतल्या डॉक्टरांनीही उचलली आहे. सगळे रोगी वाचतात असे मी लिहिणार नाही. अर्धे वाचतात असेही नाही. पण औषधाने आमच्याकडे त्यानंतर कोणी गेले नाही.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी दोनदा नकार दिला. बाईंचे गुण सांगायचे तर ही हकीकत सांगावी लागणार होती, आणि ती इथे छापण्याआधी एका माणसाला सांगणे भाग होते. गेल्या महिन्यात एका मंगळवारी सुभेदारांच्या बाकावर जाऊन बसलो आणि सांगितले की तीन पाकिटे देणे हाच गुन्हा होता. नियम एका पाकिटाचा होता, तो मी मोडला. एकच पाकीट असते तर फोडायला दुसरे नसते.

सुभेदार माझ्याकडे वळले. "एवढी वरसं माज्यासंगं चा पिलासा, मिस्तरी. आन् हे आज सांगताय व्हय?" ते उठून निघून गेले. पुढच्या मंगळवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्या मंगळवारी आले, आपले काम केले, आणि दुपारी माझ्या खिडकीशी उभे राहिले.

"नेम तुमी मोडला त्ये बाईस्नी ठावं हाय?"

"पहिल्या दिवसापासून. अक्षर माझं होतं."

त्यांनी खिडकीचे गज धरले. "म्हंजी तुमचं बी आन् माजं बी, एकटीनं वाहिलं. आन् कदी म्हनल्या न्हाईत."

"नाही म्हणाल्या."

"आता लिवा ते पुस्तकात. माजं नाव घालून लिवा."

म्हणून लिहिले. बाईंना हे आवडणार नाही. त्या वाचतील तेव्हा माझ्याशी दोन दिवस बोलणार नाहीत, हेही मला माहीत आहे. त्यांनी साठ वर्षे पूर्ण केली. आमच्या दोघांच्या वाटणीचा भार आता आम्ही आमच्या अंगावर घेत आहोत, तो त्यांनी खाली ठेवावा. मोकळ्या खांद्यांनी, निरोगी शरीराने आणि शांत झोपेने त्यांना पुढची पुष्कळ वर्षे लाभोत, आणि साताऱ्याच्या घरी त्यांना एखादा मंगळवार असा मिळो की त्या दिवशी कोणाचेही नाव आठवू नये.