खाचेतला कागदाचा बोळा

दादाच्या हार्ड रॉकच्या निवडक गाण्यांच्या कॅसेटवर, पुन्हा रेकॉर्ड होऊ नये म्हणून असलेल्या वरच्या खाचेत, कागदाचा बोळा अजून आहे. लहानपणी मीच तो कोंबला आणि रेकॉर्डचं लाल बटण दाबून त्याचं लाडकं गाणं मधेच पुसलं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नव्हता.

दादा जाऊन सहा महिने झाले. आज आईसमोर कॅसेट लावली. तिला या गाण्यांचा कायम राग. गिटारी किंचाळता किंचाळता गप्प झाल्या आणि तिचाच जुना आवाज आला, "जेवायला ये रे!" मग दादाचा, "आधी कॅसेटची एक बाजू ऐकतो नि येतो गं."

जपलेले फोटो मुकेच राहिले. बोलली ती मी बिघडवलेली जागा.

पुन्हा गिटारी. बंद करायला गेले, तर आईने हात धरला. "राहू दे. बाजू संपू दे त्याची."