टिपणीस काकांचं फ्रँकफर्ट

अमेरिकेतल्या आमच्या शॉमबर्गमध्ये कुणी भारतात निघालं की टिपणीस काका एकच प्रश्न विचारत, "व्हाया फ्रँकफर्ट? मग एअरपोर्टच्या बाहेर पडणार की नाही?" नाही म्हटलं की तुच्छतेने हसत. "नदीपर्यंत जाऊन तहानलेले परत या, बैलोबा." मला हा माणूस पहिल्या भेटीपासून आवडला नाही.

निवृत्तीनंतर त्यांना त्या शहराच्या जन्मकथेचं वेड लागलं होतं. फ्रँक टोळ्यांच्या राजाला हरणीने नदीचा उतार दाखवला, ही दंतकथा कुणी काढली की खेकसत, "हरणी-बिरणी काही नाही. माइन नदी तिथे उथळ होती, म्हणून माणसं उतरली. मग टेकाडावर राजवाडा, चर्च, मग बाजार. सोय आधी, गोष्टी नंतर." बोलणं खरं असे, पण समोरच्याला गाढव ठरवल्याशिवाय त्यांना ते सांगताच येत नसे.

गेल्या वर्षी नागपूरला त्यांच्या बायकोची, शैलाकाकूंची आई अत्यवस्थ झाली. दोघं तातडीने निघाले. फ्रँकफर्टला विमान बदलायला काही तास होते. काकूंना गेटपाशी बसवून काका राजवाड्याचा पाया बघायला शहरात गेले. दोघांचे पासपोर्ट आणि बोर्डिंग पास, आपल्याकडच्या कर्त्या पुरुषांच्या रिवाजाप्रमाणे, त्यांच्या कमरेच्या पाऊचमध्ये. परतताना ते सिक्युरिटीच्या रांगेत अडकले आणि काकूंच्या डोळ्यांदेखत विमान गेलं. त्या नागपूरला पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. हे मला सांगताना काकूंचा आवाज चढला नाही. माझा चढला.

यंदा आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये काकांनी त्या शहरावर स्लाइड-शो केला. फोटो विमान चुकलं त्याच दिवशीचे. पडद्यावर जुन्या भिंतींचे दगड दाखवत ते म्हणाले, "लेओव्हरमध्ये एवढा चान्स मिळतो, आणि आपले लोक ड्युटी-फ्रीत चॉकलेटं घेत बसतात." दोनचार जण हसले.

पहिल्या रांगेतून काकू म्हणाल्या, "अहो, हा फोटो काढलात तेव्हा माझी आई जिवंत होती."

काका क्षणभर पडद्याकडेच बघत राहिले. माफी मागतील, निदान दिवे तरी लावतील असं मला वाटलं.

"प्रश्न शेवटी घेऊ," ते म्हणाले आणि त्यांनी पुढची स्लाइड लावली.

काकू उठल्या. मी त्यांना गाडीने त्यांच्या मुलीकडे सोडलं. त्या अजून तिथेच आहेत.