पेंकाच्या ढिगातल्या मुंग्या

मारित्सा नदीकाठच्या गावात पेंकानं बावीस वर्षं कारखान्यात लोणच्याच्या बरण्यांना झाकणं बसवली. निवृत्त झाल्यावर तिनं परसात ढोबळ्या मिरच्या आणि टोमॅटो लावले. झाडांचं ती बघायची, खताच्या ढिगाचं नवरा, इवायलो. दर पंधरवड्याला तो ढीग वरखाली करायचा. तो गेला त्या वर्षी ढिगाला कुणाचा हात लागला नाही. पेंका सालं, देठ वर टाकायची आणि मागं न बघता घरात यायची.

जूनमध्ये ढिगात मुंग्या झाल्या. तिथून त्या मिरच्यांवर चढल्या. पानांमागे मावा कीड आणि त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्यांची रांग. पानं आक्रसून गेली.

कुंपणापलीकडून शेजारी दोचो म्हणाला, "वहिनी, उकळतं पाणी ओता. एका दमात खल्लास!"

तिनं दोन पातेली ओतली. दुसऱ्या दिवशी ढिगात पांढरी पडलेली गांडुळं निघाली. मुंग्या होत्या तेवढ्याच.

"भाऊजी, तुमच्या एका दमात माझी गांडुळं गेली!"

"मग रॉकेल टाकून बघा."

"आणि रॉकेलच्या मिरच्या कोण खाणार, तुम्ही?"

दोचो हसत आत गेला. पेंकानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला. आत ओल नव्हतीच, सगळं पिठासारखं कोरडं. मुंग्यांना याहून चांगलं घर कुठलं मिळणार!

ती खोपटातून फावडं घेऊन आली. दांडा इवायलोच्या उंचीचा, तिला पेलेना. थोडा वेळ ती तो हातात धरून उभी राहिली. मग करवत आणून तिनं तो वीतभर कापला.

ढीग उलटायला तीन दिवस लागले. ती थराथरावर पाणी शिंपडायची, मग ओलं गवत घालायची. मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून बाहेर पडल्या आणि कुंपणाच्या दगडांखाली गेल्या. तिथं त्यांना तिनं काही केलं नाही. मिरच्यांची पानं मात्र रोज सकाळी साबणाच्या पाण्यानं पुसून काढली.

निम्मी झाडं गेलीच. उरलेल्यांना सप्टेंबरात लालभडक मिरच्या लागल्या. पेंकानं त्या अंगणात भाजल्या. सोलायला दोचोची बायको आली, तिच्या मागोमाग दोचोही आला. त्यानं ढिगाकडं बघून विचारलं, "आठवड्याला किती पाणी घालता, वहिनी?"

"हात घालून बघायचं," पेंका म्हणाली, "आणि मग ठरवायचं."